एकतीस चंबू

त्या वर्षी एकूण एकतीस चंबू निवळले. त्यांपैकी एकोणतीस मंगळवारी किंवा शुक्रवारी निवळले, एक बुधवारी आणि एक गुरुवारी.

चष्म्याच्या दुकानातल्या आतल्या अंधाऱ्या खोलीत, नाकावर धातूची जड चौकट घेऊन तो बसला होता, आणि समोरच्या तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ त्याला वाचता येत नव्हती. नंबर काढणारी बाई चौकटीत एकेक काच सरकवत होती. "आता? मघाचं बरं, की हे?" "सारखंच." "सारखं नसतं. नीट बघा, घाई नाहीये." त्याला जरा रागच आला. उभी हयात त्याने दोन वस्तूंमधला फरक मोजण्यात घालवली होती. दोन गोष्टी सारख्या नसतात हे आता चष्म्याच्या दुकानात शिकायचे राहिले होते. त्याने पुन्हा पाहिले. "हे बरं. मघाचं धूसर होतं." "बघा. मी म्हटलं होतं ना, सर." दुकानातले लोक येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही सर म्हणतात, पण हा 'सर' त्या जातीचा नव्हता. तो झिजलेला होता, पूर्वी पुष्कळ वापरलेला. तिने चौकट काढून घेतली, तेव्हा समोर नुसता चेहऱ्याच्या आकाराचा एक फिकट डाग उरला. चाचपडत जुना चष्मा शोधून त्याने तो डोळ्यांवर चढवला, आणि त्या डागाच्या जागी बावीस वर्षांपूर्वीची त्याची विद्यार्थिनी, कानापाशी केस पिकलेली, हात पुशीत उभी होती.

"ओळखलंत?"

"तू... तुम्ही इथे?"

"तूच म्हणा. तुम्ही मला अहोजाहो केलंत तर मला वाटेल, माझाच नंबर काढायला हवा." ती हसली. दुकान तिच्या मोठ्या दिरांचे होते. दीर गल्ल्यावर बसत. नंबर ती काढी आणि भिंगेही तीच घासून बसवी. "अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडे झालं की गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. तेव्हा तुमच्याकडे शिकलेलं वाया गेलं नाही म्हणायचं." हा टोमणा होता की नाही, ते त्याला ठरवता आले नाही, असल्या गोष्टी मोजायचे साधन त्याने कधी बाळगलेच नव्हते. दोघे बाहेरच्या खोलीत आली. तिथे टेबलावर भिंग घासायचे यंत्र घरघरत होते. तेवढ्यात फोन वाजला. तिने उजव्या हाताने तो उचलला आणि न पाहता डावा हात मागे नेऊन यंत्राचे बटण खाली केले. घरघर थांबली. "हो, बोला. नाही हो काका, परवा नाही, शुक्रवारी तयार होईल." फोन ठेवला, डावा हात पुन्हा मागे गेला, घरघर सुरू झाली. एवढेच घडले, पण जिना उतरताना नसलेल्या पायरीवर पाऊल पडावे तसे त्याला काहीतरी झाले. कशाने, ते कळले नाही. साखर कमी झाली असेल असे त्याने ठरवले. काहीतरी ठरवले की बरे वाटते, ही त्याची जुनी खोड होती.

पावती फाडता फाडता ती म्हणाली, "तुमचाही शुक्रवारीच मिळेल. सर, एक विचारू? राग नका मानू."

"विचार ना."

"मंगळवार-शुक्रवारच का? इतकी वर्षं झाली, भाजी निवडताना मध्येच आठवतं आणि सुरी हातात तशीच राहते. तुम्हाला नंतर कधी कळलं?"

"नाही," तो म्हणाला. ते खरे होते.

"बरं. कळलं तर सांगा. मला बाकी काही नको."

बाकी म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होते.

या महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता, आणि गेले आठ दिवस प्रयोगशाळेतली कपाटे उपसण्याचे काम चालले होते. तिची वही त्याला तिसऱ्या कपाटात, तुटलेल्या तराजूखाली सापडली. सापडली असे म्हणायचे, एरवी ती तिथे आहे हे त्याला बावीस वर्षे माहीत होते. दुकानात जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार लोटून घेऊन तो ती वही पुढ्यात घेऊन बसला. पुठ्ठ्याला आम्लाने पडलेले भोक, आत लहान, उभे, कुठेही न थरथरलेले अक्षर. तिच्या जिवाणूचे वाण तिने स्वतःच एका डबक्याच्या गाळातून वेगळे काढले होते. सकाळी नऊ वाजता चंबूतल्या, म्हणजे फुगीर काचपात्रातल्या, पोषक द्रवात त्याचा थेंब सोडायचा आणि चंबू शेकरवर ठेवायचा. शेकर म्हणजे मोटरवर सतत गदगद हलणारा पत्र्याचा ट्रे. त्या हलण्याने द्रवात हवा मिसळते आणि जिवाणूंचा श्वास चालू राहतो. दुपारी बारापर्यंत द्रव ताकासारखा गढूळ व्हायचा. ते गढूळपण म्हणजेच कोट्यवधी जिवाणू. आणि कधीकधी, तीन वाजता ती पाहायला जाई तेव्हा चंबू पाण्यासारखा निवळलेला असे. तळाशी गाळ नाही, काही नाही. कोट्यवधी जीव दोन-तीन तासांत कुठेही न जाता नाहीसे झालेले. तिचे म्हणणे असे होते की जिवाणूची पेशीभित्तिका बाहेरच्या कुणी फोडलेली नाही. जिवाणूच्या स्वतःच्याच विकराने, एन्झाइमने, ती विरघळवलेली आहे. पेशीला वाढायचे तर जुनी भिंत जागोजाग कापून तिथे नवी वीट बसवावी लागते, त्यासाठी तिच्याकडे कात्री असतेच. ती कात्री एरवी आवरलेली असते. कशाने तरी तो आवर सुटतो आणि बांधकामाची कात्री घरच कापून काढते. "कशाने तरी म्हणजे कशाने?" त्याने विचारले होते. "तेच तर शोधते आहे, सर." "आणि मंगळवारी-शुक्रवारीच का सुटतो तो?" "ते अजून कळत नाही," ती प्रामाणिकपणे म्हणाली होती. मग तो जे बोलला होता ते चहाच्या वेळी सगळ्यांनी एकमेकांना सांगितले, कारण तो विनोद खरोखरच चांगला होता: "जिवाणूंना वार कळायला लागले असतील, तर उद्यापासून आपण दोघांनी घरी बसावं आणि त्यांनी आपल्यावर प्रयोग करावेत." तीही हसली होती. हसताना तिने वहीवर आडवा हात ठेवला होता, हे त्याला आता आठवले, आणि ते बावीस वर्षे कुठल्या कपाटात पडून होते याचे नवल वाटले.

अन्यायाने वागायचे असे त्याने ठरवले नव्हते. उलट न्यायाने वागायचे असेच ठरवले होते. जी गोष्ट एकाच्याच हाताने घडते आणि दुसऱ्याच्या हाताने घडत नाही, ती निसर्गात नाही, हातात आहे, एवढा साधा त्याचा नियम होता. म्हणून त्याने स्वतः तिच्याच वाणावर, तिच्याच शेकरवर प्रयोग केला. सहा वेळा केला. दोनदा सोमवारी, दोनदा बुधवारी, एकदा गुरुवारी, एकदा रविवारी सगळे घरी असताना. सहाही चंबू संध्याकाळपर्यंत गढूळ राहिले. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याने प्रयोग केला नाही, आणि तो मुद्दामच केला नाही. वाराला प्रयोगात जागा देणे म्हणजे शकुनअपशकुनाला शास्त्राच्या ओसरीवर बसू देणे आहे असे त्याला वाटत होते. आता वहीच्या पानावर बोट ठेवून बसलेल्या त्याच्या ध्यानात आले की ज्या दोन दिवसांबद्दल तक्रार होती नेमके ते दोन दिवस सोडून तपास करणारा माणूस तो एकटाच असेल. दारे सोडून घरभर चोर शोधण्यासारखे हे होते, आणि ते त्याने बुद्धिनिष्ठेच्या नावाखाली केले होते. मग निष्कर्ष उरला तो काचेच्या भांड्यांचा. भांडी नीट विसळली नाहीत की साबणाचा अंश राहतो, आणि साबण जिवाणूंना विरघळवू शकतो. भांडी ती स्वतः धुई. वरिष्ठांच्या समितीपुढे त्याने जो अहवाल ठेवला त्यात राग नव्हता, विशेषणही नव्हते. 'निरीक्षणे विश्वासार्ह नाहीत. भांड्यांच्या स्वच्छतेबाबत हयगय संभवते.' दोन वाक्ये. समितीने प्रबंध परत केला. सही करताना शाई संपली म्हणून त्याने तिचेच पेन मागून घेतले होते.

वहीत शेवटी पाच रकान्यांचा तक्ता होता: तारीख, वार, ठेवल्याची वेळ, निवळल्याची वेळ, आणि 'कारण'. कारणाचा रकाना एकतीस ठिकाणी रिकामा. तिला एखादे कारण लिहून टाकता आले असते. पुष्कळ जण टाकतात. न लिहिलेल्या त्या चौकोनांकडे पाहताना त्याला प्रथमच वाटले की आपण आयुष्यात पाहिलेली सर्वांत प्रामाणिक वही ही असावी. आणि शेजारीच, प्रत्येक दिवसापुढे, तेच वाक्य: 'शेकर नऊ ते तीन सतत चालू.' पुढे बऱ्याच वर्षांनी, असल्या जिवाणूंचा श्वास कोंडला की भित्तिका कापणाऱ्या त्या विकराचा आवर सुटतो, असे इतरांनी दाखवले होते. तो लेख त्याने दुपारच्या चहाबरोबर वाचला होता. क्षणभर तिची आठवण झाली होती. पण तिचा शेकर तर सतत चालू होता, तिनेच तसे लिहिले होते. तेव्हा त्याने पान उलटले, बिस्कीट चहात बुडवले, आणि ते मोडून आत पडले म्हणून चुकचुकला होता.

शेकर. तो या खोलीच्या बाहेरच, दोन दारांमधल्या बोळात असे. जुना, खडखड्या, त्याच्यावर चंबू ठेवायला दुसरे कुणी राजी नसे, म्हणून तो नव्या आलेल्या मुलीच्या वाट्याला आला. आता तिथे कोपऱ्यात स्टुलांवर झाडांच्या दोन कुंड्या होत्या आणि भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर, एक फिका चौकोन. रंगाच्या दोन हातांखालूनही दिसणारा. तो उठून बोळात गेला. चौकोनासमोर उभा राहिला. तिथे फोन होता. आणि मग, विचार येण्याच्या आधी, त्याचा डावा हात मागे गेला. कमरेच्या जरा खाली, बोटे वळून, अंगठा खाली दाबत. तिथे आता कुंडी होती. अंगठा ओल्या मातीत रुतला.

आई तेव्हा दूरच्या गावी ताईकडे होती. घशाचे ऑपरेशन झाल्यापासून तिचा आवाज गेला होता. म्हणजे उरला होता तो कागदावरून बोट फिरवावे एवढा. ताईच्या घरी फोन नव्हता. आठवड्यातून दोनदा, शिकवण्याची सकाळची शाळा आटोपून आल्यावर ताई तिला शेजारच्या दवाखान्यात घेऊन जाई, आणि तिथला डॉक्टर जेवायला गेला की साडेबारा ते एक या वेळात फोन मोकळा असे. मंगळवारी आणि शुक्रवारी. बोळ त्या वेळी रिकामा असायचा, सगळे वर गच्चीवर डबे खायला गेलेले. तो फोन करी. पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू यायचा, मग, "जेवलास का?" "हो." तो जेवलेला नसे. "काय होतं?" मग तो काहीतरी भाजी बनवून सांगे. "मीठ बरोबर होतं?" अशा गोष्टी. अर्धा तास. एकदा तिने विचारले होते, "तुझ्याकडे गिरणी आहे का रे? काय खडखडतंय?" तेव्हापासून.

त्याचा स्वभाव पडताळा घेण्याचा. बोळाच्या टोकाला काचसामान धुण्याची खोली होती आणि तिथल्या मावशी तीस वर्षे तिथेच होत्या. पुढच्या वर्षी त्याही जायच्या होत्या. त्या बरण्या पालथ्या घालत होत्या.

"मावशी, बोळात पूर्वी एक शेकर होता, आठवतो?"

"न आठवायला काय झालं! दात वाजवणारा मेला. तो गेला त्या दिवशी मी पेढे वाटणार होते."

"तो दुपारी कधी बंद असायचा?"

मावशींनी बरणी खाली ठेवली आणि तो आपली परीक्षा घेतो आहे की काय, अशा नजरेने पाहिले. "तुम्हीच तर बंद करायचात. आईंशी बोलायला. ऐकू यायचं नाही ना त्यांचं. मी कितीदा इथून बघितलंय, एक हात फोनला नि एक हात कानावर. बोलणं झालं की तुम्ही कधी चालू करायचात, कधी तसेच निघून जायचात डोळे पुशीत. मग मी चालू करायची. म्हटलं, पोरीचं काही बिघडायला नको."

"तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत."

"घ्या! तुम्हाला काय सांगायचं? तुमचाच हात, तुमचाच फोन."

"पण मी तुम्हाला बोलावून विचारलं होतं. तिच्याबद्दल."

"तुम्ही भांड्यांबद्दल विचारलंत. मी म्हटलं, माझ्यापेक्षा स्वच्छ धुते. तुम्ही लिहून घेतलंत, 'मावशींची तिच्यावर माया आहे.' मला वाचता येतं, सर." त्यांनी नळ सोडला. मग पाण्याच्या आवाजात, जरा खालच्या पट्टीत, "शेकरचं कुठे विचारलंत?"

परत येऊन त्याने पुन्हा वही पुढ्यात ओढली. पडताळ्याचे दोन चंबू अजून राहिले होते, बुधवारचा आणि गुरुवारचा. बावीस वर्षांपूर्वी याच दोन चंबूंनी त्याला हायसे वाटले होते. वारांची जी काही भानगड होती ती यांनी मोडून काढली, तेव्हा भानगड नव्हतीच, हयगय होती, असा त्याने हिशेब मांडला होता. आता त्याने बुधवारची तारीख पाहिली. आदल्या मंगळवारी प्रयोगशाळेला सुट्टी होती. त्याच्या जुन्या दैनंदिनीत त्या बुधवारपुढे 'आई' एवढेच होते. गुरुवारच्या तारखेसाठी दैनंदिनी उघडावी लागली नाही. त्या दिवशी फोन त्याने केला नव्हता, आला होता. ताईचा होता. ताई रडत नव्हती, ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि खडखडाटात ते त्याला ऐकू येत नव्हते, म्हणून त्याने हात मागे नेला होता. ते वाक्य त्या शांततेत ऐकू आले. मग तो गावी निघून गेला. शेकर कुणी चालू केला, कधी केला, हे त्याच्या मनात पुढे बावीस वर्षे आले नाही.

तो एकतिसावा चंबू. त्यानंतर वहीत आठ आठवडे होते, आणि त्या आठ आठवड्यांत एकही चंबू निवळला नव्हता. हे त्याला तेव्हाही दिसले होते. नव्हे, यावरच तर त्याने निकाल दिला होता. आठवड्याने कामावर परत आल्यावर त्याने तिच्या भांडी धुण्यावर नजर ठेवायला सांगितले होते, आणि नजर ठेवल्याबरोबर चंबू निवळायचे थांबले, याहून सरळ पुरावा कोणता? त्या आठ आठवड्यांत ती रोज सकाळी नऊ वाजता चंबू ठेवी आणि रोज तीन वाजता तोंड पाडून परत येई. एकदा त्याच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "सर, थांबलंच हो ते. मी काय वेगळं करतेय तेच कळत नाही." तो तेव्हा मान वर न करता म्हणाला होता, "नीट विसळायला लागली असशील." त्याला त्या दिवसांत कुणाचा चेहरा बघवत नसे. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेबाराला तो या खुर्चीत दार लावून बसे, आणि बाहेर शेकर एक क्षणही न थांबता खडखडत राही.

तिला सांगायचे ते सगळे मिळून चार ओळींचे होते. पण त्या ओळींत आईला घालावे लागणार होते. आईशी बोलणे ही आयुष्यात त्याने हिशेब न ठेवता, पडताळा न घेता केलेली एकच गोष्ट. मनात ती त्याने आजवर कुठल्याही रकान्यात बसवली नव्हती. 'काही तांत्रिक कारणामुळे वीजपुरवठा खंडित' असे लिहिता येण्यासारखे होते. ते खोटेही ठरले नसते. त्याने पेन उघडले, ते वाक्य मनात पुरते वाचले, आणि त्याला त्यात आपला जुना अहवाल ऐकू आला: विशेषण नसलेला, राग नसलेला, दोन वाक्यांचा. मग जुन्या चष्म्यातून जेमतेम दिसत होते तरी, तिच्या अक्षराशेजारी आपले अक्षर शक्य तितके लहान काढत, 'कारण' या रकान्यात पहिल्या चौकोनापासून एकतिसाव्यापर्यंत त्याने एक उभी रेघ ओढली आणि तिच्या शेजारी लिहिले:

'चंबू एक ते एकतीस. शेकर दुपारी किमान अर्धा तास बंद होता. हवा न मिळाल्याने जिवाणूंच्या स्वतःच्याच विकराने त्यांच्या भित्तिका विरघळवल्या. भांडी स्वच्छ होती. शेकर मी बंद करत असे. शेजारी फोन होता, आणि शेकर चालू असताना मला आईचे बोलणे ऐकू येत नसे.'